तिसरं कडवं

टेपचा तो चपटा डबा टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता आणि त्यावरचं अक्षर आत्याचं स्वतःचं होतं. ‘तिसरं कडवं. वापरू नये.’ शाई विटून तपकिरी झाली होती, पण ते अक्षर ओळखायला तिला चष्मा लागला नाही. घराच्या तळमजल्यावरच्या स्टुडिओच्या दारातच तिचे पाय थबकले. पस्तीस वर्षांपूर्वी हा डबा तिने लोखंडी कपाटाच्या तळाशी, जुन्या वायरींच्या भेंडोळ्यांखाली सरकवला होता. खरं तर फेकूनच द्यायचा होता. पण ज्याची हयात ध्वनिमुद्रणात गेली त्याच्या हातून आवाज फेकला जात नाही. ती सवय आज नडली.

“ये ना आत्या, तुझीच वाट बघतोय,” चिमी म्हणाली.

चिमी दादाची एकुलती एक लेक. चाळिशीला टेकली तरी घरात तिचं चिमीच राहिलं होतं. दोन वर्षांपासून घरची तबकड्यांची कंपनी तीच चालवत होती, आणि बरी चालवत होती. आज तिने सगळ्यांना भर दुपारी बोलावून घेतलं होतं. मधला भाऊ भिंतीशी खुर्ची टाकून बसला होता. त्याला घरात लहानथोर सगळे मॅनेजर म्हणत, कारण तरुणपणी त्याने तसं कार्ड छापून घेतलं होतं आणि ती पाचशे कार्डं अजून संपली नव्हती. आणि खिडकीजवळच्या मऊ खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन, दादा.

दादाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं आणि हसला. शहात्तराव्या वर्षीही त्याचं हसू गोड होतं. आत्या दाराजवळच्या स्टुलावर बसली. दादा खोलीत असला की ती दाराजवळच बसायची. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

“शुक्रवारी ‘आत येईन’चं सिंगल निघतंय,” चिमीने सुरुवात केली. “फोनवर तर येईलच, शिवाय हजार तबकड्याही काढतोय, जुन्या मापाच्या. पण जुनंच गाणं पुन्हा काढण्यात काय अर्थ? मला वाटलं होतं, गाण्यामागची गोष्ट छापू, झालं. आणि गेल्या आठवड्यात कपाट आवरताना हा डबा सापडला.”

“गाण्यामागची गोष्ट मी सांगतो,” मॅनेजर म्हणाला. ही गोष्ट तो कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. “मी सगळी भिस्त ठेवली होती पुढच्या बाजूवर. काय ठसकेबाज गाणं होतं ते. मागची बाजू कोरी नको म्हणून दादाचं ‘आत येईन’ टाकलं. तर रेडिओवरच्या बाईंनी सकाळच्या घाईत तबकडी उलटी लावली. दुपारपर्यंत त्यांचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. आठ दिवसांत दुकानदार आपल्या कारखान्याच्या फाटकाशी रांग लावून उभे. पुढची बाजू आजवर कुणी ऐकलेली नाही.”

चिमी हसली. आत्यालाही हसावं लागलं. ही गोष्ट खरी होती. तिच्या मागे जी दुसरी गोष्ट होती, ती मासिकांनी कितीदा छापली होती: गायकाची बायको एके दिवशी घरातून निघून गेली, कुठे ते कुणाला कळलं नाही, आणि तिच्या विरहात त्याने हे गाणं लिहून गायलं. न्हाव्याच्या दुकानात, बोटीवर, वसतिगृहाच्या गच्चीवर, लोकांनी ते गाणं आपलं मानलं. 

*तू दार लाव, तू दिवे मालव,*
*मी सुरांतून आत येईन;*
*तू नाव बदल, तू गाव बदल,*
*मी ओठांओठांतून येईन.*

कुणी रुसलेल्या बायकोसाठी म्हणे, कुणी परगावच्या मैत्रिणीसाठी. एवढं प्रेम करणारा माणूस बघितला नाही, असं लोक म्हणत. चिमी हेच ऐकत मोठी झाली होती.

“ऐका आता,” ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

पहिली दोन कडवी सगळ्या जगाला पाठ होती. तिसरं चिमीने जागच्या जागी बसवलं होतं आणि सांधा कुठे आहे ते कळतही नव्हतं. सांधा लपवायचा कसा ते तिला आत्यानेच शिकवलं होतं. आत्याने हात मांडीखाली दाबून धरले.

*निळी पिशवी घेऊन गेलीस,*
*पुलावर थांबून पाहिलंस मागे;*
*पोचवून तुला जी घरी परतली*
*तिच्या उशाला डोळे हे जागे.*

त्या कडव्याचा शब्दन् शब्द तिला ठाऊक होता. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती याच खोलीत, काचेच्या अलीकडे, यंत्रापाशी बसली होती. वहिनी घर सोडून गेल्याला नऊ दिवस झाले होते. दादाने पहिली दोन कडवी डोळे मिटून गायली. तिसऱ्याला डोळे उघडले आणि काचेतून सरळ तिच्याकडे पाहत गायला, अगदी हळू, अगदी सुरात. वादक माना डोलवत होते. नंतर धीर एकवटून ती म्हणाली, “दादा, एका बाजूला साडेतीन मिनिटंच मावतात. तिसरं काढावं लागेल.” तेव्हाही तो असाच हसला होता. “काढ की. आपल्या दोघांत राहू दे.” त्यानंतर या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

गाणं संपलं. मॅनेजर खालमानेने दादाच्या शालीच्या गोंड्यांकडे बघत होता.

“बाबा, ही कोण?” चिमीने विचारलं. “पोचवून परतली ती?”

“कवितेत कुणीही असतं गं,” दादा म्हणाला. “आत्याला विचार. कापलं तिने, तिला माहीत असेल.”

“लांबी जास्त होत होती म्हणून कापलं,” आत्या कशीबशी म्हणाली.

“बरं, ते राहू दे.” चिमीने पिशवीतून एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. तबकडीचं वेष्टण होतं ते. त्यावर एका तरुण बाईचा फोटो, आणि शेजारी तीच बाई साठीची कशी दिसेल याचं चित्र. खाली फोन नंबर. “आईचा फोटो मुखपृष्ठावर. लाखो लोक बघतील. कुणीतरी ओळखेलच. उद्या सकाळी दहाला बाबांची रेडिओवर मुलाखत आहे, तिथेही नंबर सांगायचा. लोक या गाण्यासाठी काहीही करतील, आत्या. अख्खा देश शोधेल तिला.”

“कल्पना छान आहे,” दादा म्हणाला. “मला आवडली.”

“दादाला आवडली म्हणजे झालं,” मॅनेजर पुटपुटला. तो आयुष्यभर हेच म्हणत आला होता.

आत्याने त्या चित्राकडे पाहिलं. चित्रकाराने नाक थोडं चुकवलं होतं, पण डोळे बरोबर होते. बाजारातला भाजीवाला ओळखेल, बसमधला वाहक ओळखेल. त्यातला एक जण चांगुलपणाने फोन करेल, आणि तो फोन या खोलीत वाजेल.

“चिमे, जरा यंत्रांच्या खोलीत ये,” ती उठत म्हणाली. “आवाजात एक खरखर आहे. तुला दाखवते.”

खरखर कुठेच नव्हती. दादाला ते कळलं असणार. तो फक्त म्हणाला, “दार लोटू नका गं, उकडेल.”

आत्याने दार लोटलं, आणि कडीही घातली.

“काय झालं?” चिमी म्हणाली. “कडी कशाला?”

“तो फोटो छापू नकोस.”

“का?”

“कारण तुझी आई हरवलेली नाही. लपलेली आहे.”

यंत्रांचा पंखा घरघरत होता. चिमी सावकाश म्हणाली, “पुलापर्यंत तू गेली होतीस.”

“हो.”

“तुला माहीत आहे ती कुठे आहे.”

“हो. वर्षाला एक पत्र येतं. माझ्या मैत्रिणीच्या दातांच्या दवाखान्यात. घरात सगळ्यांना वाटतं, माझे दात किडलेत.”

चिमी हसली नाही. “पस्तीस वर्षं? मी आजारी पडले, माझं लग्न मोडलं, मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून आई आई करून रडले. आणि तू केसांवरून हात फिरवत बसलीस?”

“हो,” आत्या म्हणाली.

“का गेली ती? बाबांनी मारलं का तिला?”

“कधीच नाही. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. तो विचारायचा. कुठे गेलीस, कुणाशी बोललीस, दुकानात सात मिनिटं जास्त का लागली. तेच पुन्हा पुन्हा, हळू आवाजात, पहाट होईपर्यंत. आणि मग बाहेरून कडी. शेवटी शेवटी ती माझ्याशी बोलताना सुद्धा दाराकडे बघून बोलायची. एकदा मला म्हणाली, मला माझं नाव ऐकलं की धस्स होतं.”

“आणि मला टाकून गेली.”

“टाकून नाही गेली. तुला तो सोबत खाली स्टुडिओत न्यायचा, रोज, मुद्दाम. तू त्याच्यापाशी असलीस की ती कुठे जाणार? म्हणून ठरलं होतं, ती आधी निघेल, आणि पंधरा दिवसांत तुला मी घेऊन जाईन. मी कबूल केलं होतं, चिमे. तुझे कपडेसुद्धा वेगळे काढून ठेवले होते. मग नवव्या दिवशी ते कडवं आलं. त्याला सगळं ठाऊक होतं. आणि मी घाबरले.”

“एवढंच?”

“एवढंच. दुसरं कारण असतं तर सांगितलं असतं. आज उद्या करत ते राहून गेलं. तिने तीनदा पत्रातून विचारलं, नंतर विचारायचं सोडलं.”

चिमी यंत्राला टेकून खाली बसली. आत्याला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण चिमी बोलली ती अगदी लहान आवाजात.

“पिशवीचं मी सांगितलं होतं.”

“काय?”

“बाबा रोज मला विचारायचे, आई आज काय करत होती. सांगितलं की गोळी द्यायचे. त्या दिवशी सकाळी मी सांगितलं, आई निळ्या पिशवीत कपडे भरतेय. ते म्हणाले, शहाणी माझी बाई. आणि गच्चीवर गेले. गच्चीवरून पूल दिसतो.” तिने वर पाहिलं. “मला वाटायचं, मी चहाडी केली म्हणून आई गेली. कुणाला बोलले नाही कधी.”

आत्या तिच्याजवळ फरशीवर बसली. चौसष्टाव्या वर्षी खाली बसणं सोपं नव्हतं, पण ती बसली. “तू पाच वर्षांची होतीस,” ती म्हणाली.

“मग त्यांनी अडवलं का नाही तिला?”

“मी पण खूप विचार केला याचा. अडवलं असतं तर तो नुसता नवरा राहिला असता. जाऊ दिलं, त्याला गाणं मिळालं. आणि ती जाऊन जाऊन कुठे जाईल, असं वाटलं असेल. पुलापलीकडे बस मिळते, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. तो कधी बसने गेलेलाच नाही.”

“काय करते ती आता?”

“बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिवण शिकवते. मुद्दाम शोधून काढलं तिने ते काम. तिथे रेडिओ लावत नाहीत.”

चिमीने तोंडावर हात धरला. त्या गाण्याच्या कमाईतून तिची शाळा झाली होती, कॉलेज झालं होतं, ही यंत्रं आली होती. आणि दर वेळी ते कुठेतरी वाजलं तेव्हा कुणीतरी बाई खिडकी लावून घेत होती. हे तिला एकदम, एका झटक्यात समजलं, आणि ते समजताना तिचा चेहरा कसा झाला ते आत्याला बघवलं नाही.

दारावर टकटक झाली. दोनदा, हळू.

“झाली का गं खरखर दूर?” बाहेरून दादाचा आवाज आला.

चाळीस वर्षांची चिमी आत्याच्या दंडाला धरून बसली, लहानपणी बसायची तशी. मग तिनेच हात सोडला, उठून कडी काढली आणि बापासमोरून सरळ टेबलापाशी गेली. तिने वेष्टणाचा कागद उचलून मधोमध फाडला.

“सिंगल निघणार नाही,” ती म्हणाली. “तिसरं कडवंही नाही आणि फोटोही नाही.”

मॅनेजर खुर्चीतून अर्धवट उठला. “अगं, हजार तबकड्या...”

“काका, तू बस.”

दादा भिंतीला धरत धरत आपल्या खुर्चीकडे गेला. बसला. शाल नीट केली. “आत्याने गोष्ट सांगितली वाटतं,” तो म्हणाला. “सांगू दे. तिला काय वाटलं, मला पत्ता माहीत नाही? मी गप्प बसलो, तो माझा मोठेपणा.” तो क्षणभर थांबला. “तळ्याकाठच्या गावी आहे ती. मला केव्हाच कळलंय. उद्या मनात आणलं तर दारात उभा राहीन.”

वहिनी राहत होती त्या गावात तळं नव्हतं. पण तसं ती बोलली असती, नुसतं सुटकेने डोळे मिटले असते, तरी त्याने एक जागा खोडून पुढची घेतली असती. तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत होता. तो विचारतच होता, पूर्वीसारखा.

तिने चेहरा हलू दिला नाही. ती ऐकत राहिली, कारण ते एकच काम तिला नीट येत होतं. आणि तिला ऐकू आलं. ‘तळ्याकाठच्या’ म्हणायच्या आधी त्याने नाकातून एक बारीकसा श्वास आत ओढला होता. तो श्वास तिच्या ओळखीचा होता. माइकपुढे शब्द विसरला, की वेळ मारून न्यायला काहीतरी जोडायच्या आधी दादा असाच श्वास घ्यायचा. असे शेकडो श्वास तिने पातीने टेपवरून कापून काढले होते. त्याला माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं. पुलापर्यंत पाहिलं, त्यापुढचं काही नाही.

“दादा,” ती म्हणाली, “तू शब्द विसरलायस.”

दादाचं हसू जागेवरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. आत्याला त्याची भीती वाटत होतीच, तेवढीच, पूर्वीइतकीच. तिने टेबल घट्ट धरलं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “उद्या दहाला मी रेडिओवर आहे. फोटो नसला म्हणून काय झालं. मी सांगेन ती कशी दिसायची. मी लोकांना विनंती करेन. माझा शब्द मोडायचे नाहीत ते.”

“मी पण येते,” आत्या म्हणाली. आपला आवाज एवढा सरळ कसा येतोय याचं तिला नवल वाटलं. “तुझी गोष्ट झाली की मी माझी सांगेन. बाहेरच्या कडीची. सात मिनिटांची. रेडिओवरच्या त्या बाई मला नाही म्हणणार नाहीत, तीस वर्षं त्यांना तबकड्या मीच पोचवल्यात. लोकांना दोन्ही गोष्टी ऐकू देत. मग बघू ते गाणं कोण म्हणतं.”

“तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल?”

“मी ठेवला,” चिमी म्हणाली.

दादाने भावाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. इतकी वर्षं तेवढं पुरत होतं. मॅनेजरने खिशातला रुमाल काढला, टक्कल पुसलं, रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“दादा, मी उद्या गाडी काढत नाही,” तो म्हणाला.

“काय?”

“नाही काढत. कडीचा आवाज माझ्या खोलीत यायचा. मी रेडिओ मोठा करायचो.” त्याने रुमाल खिशात टाकला. “दहा वाजता तू इथेच असशील. मी पण असेन. पाणी हवं का तुला?”

दादाने पाणी मागितलं नाही. तो उठला आणि एक एक पायरी चढत वर गेला. कुणी हात द्यायला पुढे झालं नाही. वर त्याच्या खोलीचं दार लागलं, अजिबात न आपटता, आणि त्या हळुवार आवाजाने तिघांच्याही अंगावर काटा आला. माणूस म्हातारा झाला होता, पण खाली कोण काय बोलतंय ते ऐकायला तो दारामागे उभा असेल, याची तिघांनाही खात्री होती. आणि गाणं तर बाहेर गेलेलं होतं. ते कुणाला परत बोलावता येणार नव्हतं.

तिघं अंगणापलीकडच्या कारखान्यात गेली. तिथे छापायची यंत्रं बंद होती. चिमीने फोन काढला.

“शाळेचा नंबर दे.”

आत्याने पाकिटातून जुनं पत्र काढलं. वर कोपऱ्यात शाळेचं नाव, पत्ता, नंबर. चिमीने आकडे दाबले, एक एक वाचून. मग हिरव्या बटणावर अंगठा ठेवला आणि घसा साफ केला.

“आई, मी बोलतेय,” ती हळूच म्हणून बघत होती. “आई, मी चिमी.”

आणि थांबली.

“आत्या, फोनवर माझा आवाज बाबांसारखा येतो ना? सगळे म्हणतात.”

आत्याला नाही म्हणता आलं नाही. तोच मऊपणा होता, वाक्य सुरू करायची तीच हळुवार पद्धत. लोकांना चिमीचा आवाज त्यामुळेच आवडायचा.

चिमीने आकडे पुसले आणि फोन खिशात टाकला. “काका, कागद आहे?”

मॅनेजरने सगळे खिसे चाचपले. कार्डांखेरीज काही निघालं नाही. शेवटी त्याने वेष्टणांच्या गठ्ठ्यातून एक कोरं वेष्टण आणून दिलं, आणि पेन. चिमी यंत्राच्या पाट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला लागली. दोन ओळी खोडल्या. मग बराच वेळ पेन हललं नाही. आत्या दारात उभी राहून घराच्या वरच्या खिडकीकडे बघत होती. पडदा स्थिर होता.

लिहून झाल्यावर चिमीने कागद तिच्यापुढे धरला. अक्षर मोठं, शाळकरी मुलीसारखं आलं होतं.

‘आई, मी आहे. तू कुठे आहेस ते मला आज कळलं. बाबांना माहीत नाही, आणि आमच्याकडून कळणार नाही. मी येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’